जुन्या डीटीपी मशीनवर विंडोज ११? ‘अपग्रेड’ या शब्दापासून सुरुवात करू

प्रश्न : तासगावात आमचं डीटीपीचं लहान दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, वास्तुशांतीची आमंत्रणं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल अशी कामं असतात. कॉम्प्युटर २०१३ साली असेंबल करून घेतलेला आहे. इंटेल आय३-३२२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ७ (३२-बिट). त्यावर पानं लावायला पेजमेकर ७, डिझाइनला जुनं कोरल आणि मराठी टायपिंगला श्रीलिपी, जे यूएसबीत लॉक खोचल्याशिवाय चालत नाही. प्रिंटर कॅनन एलबीपी २९००. हल्ली बँकेची साइट उघडत नाही, व्हॉट्सॲप वेब चालत नाही, क्रोम अपडेट करा म्हणतो आणि अपडेट तर होत नाही. दुकानदार म्हणतो, "विंडोज ११ला अपग्रेड करून देतो, संध्याकाळी घेऊन जा." भाचा म्हणतो विंडोजऐवजी मोफतचं लिनक्स टाक. मिस्टर म्हणतात चालतंय तोवर हात लावू नको. दहा-बारा वर्षांचं मॅटर त्यात आहे. सहा-सात हजारांच्या वर खर्च झेपणार नाही. काय करावं?

ताई,

तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं तथ्य आहे. पण तुमच्या मशीनच्या बाबतीत ‘अपग्रेड’ म्हणजे सरळ ‘फॉरमॅट’, हे आधी कळू द्या. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येतं आणि तुमचं विंडोज ७ आहे ३२-बिट. ३२-बिटवरून ६४-बिटवर जाताना प्रोग्रॅम जागच्या जागी ठेवून नवं विंडोज बसवायची सोय मायक्रोसॉफ्टने कधीच ठेवलेली नाही. सी ड्राइव्ह पुसून कोरं विंडोज टाकावं लागतं. म्हणजे संध्याकाळी मशीन घरी येईल तेव्हा त्यात विंडोज ११ असेल, पण पेजमेकर नसेल, कोरल नसेल, श्रीलिपी नसेल आणि तिचे फॉन्टही नसतील. मॅटरच्या फायली डी ड्राइव्हवर असतील तर वाचतील. उघडल्यावर मात्र ‘शुभविवाह’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसेल. डेस्कटॉपवर किंवा माय डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेलं काम सी ड्राइव्हवरच असतं, ते तर गेलंच. दुकानदार खोटं बोलतोय असं नाही. त्याच्या शंभरातल्या नव्वद गिऱ्हाइकांना नेट आणि वर्ड-एक्सेल एवढंच लागतं, म्हणून तो असं बिनधास्त म्हणू शकतो.

दुसरी अडचण तुमच्या लॉकची. प्रोग्रॅम ३२-बिट असला तरी ६४-बिट विंडोजवर बहुधा चालतो. ड्रायव्हरचं (जोडलेली वस्तू विंडोजला ओळखता यावी म्हणून लागणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं) तसं नाही, तो विंडोजच्या गाभ्यात चालतो आणि ६४-बिट विंडोज ३२-बिट ड्रायव्हर उचलतच नाही. लॉकचा ६४-बिट ड्रायव्हर मिळाला नाही, तर लॉक खोचलेलं असूनही श्रीलिपी ‘लॉक सापडत नाही’ म्हणत बसणार. तो मिळेल का, हे तुमची आवृत्ती कोणती यावर ठरतं. म्हणून पहिलं काम एका कागदावर करा. श्रीलिपी उघडून अबाउटमध्ये दिसणारा आवृत्ती क्रमांक लिहा, लॉकवर छापलेला क्रमांक लिहा, आणि दोन्ही सांगून कंपनीला विचारा की या आवृत्तीचं लॉक ६४-बिट विंडोज १० आणि ११वर चालतं का, नसेल तर नव्या आवृत्तीचा दर काय. त्याच कागदावर पेजमेकर आणि कोरलचे सीरियल नंबर उतरवा, आणि त्यांच्या सीडी अजून वाचल्या जातात का तेही बघा. पंधरा वर्षं कपाटात पडलेली सीडी ऐनवेळी नुसती घरघरते.

आता विंडोज ११ तुमच्या मशीनवर जाईल का? जाईल. मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आहेत, तुमचा तिसऱ्या पिढीतला. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची तपासणी) लागतं, तुमच्या बोर्डावर तसलं टीपीएम नाही. पण रुफससारख्या साधनाने विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवताना ही तपासणी वगळता येते, आणि दुकानदार तेच करणार आहे. त्यानंतर काय, हे तो सांगत नाही. विंडोज ११च्या होम आणि प्रोच्या प्रत्येक वार्षिक आवृत्तीला २४ महिने सुरक्षा अपडेट मिळतात. यादीत नसलेल्या मशीनला पुढची आवृत्ती आपणहून येत नाही, दर वेळी पेनड्राइव्ह बनवून हाताने चढवावी लागते. मधेच अट बदलली तर तेही बंद. २०२४च्या २४एच२ आवृत्तीत हेच झालं. प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट हे सूचनासंच सक्तीचे केले, आणि तोवर जुगाडाने ११ चालवणारी कोअर टू ड्युओ मशीनं त्या आवृत्तीवर सुरूच होईनात. तुमच्या आय३मध्ये हे दोन्ही आहेत, म्हणून आज चालेल. पुढच्या आवृत्तीचं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. घरच्या मशीनवर हा खेळ ठीक आहे. ऐन लग्नसराईत दुकानातल्या एकुलत्या एक मशीनवर तो करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

विंडोज १० हा मधला रस्ता एकेकाळी तुमच्यासाठी फार चांगला होता. ते ३२-बिटमध्येही येत असे आणि ३२-बिट विंडोज ७वर प्रोग्रॅम न हलवता चढत असे. पण फुकट अपग्रेडची अधिकृत मुदत २९ जुलै २०१६ला संपली, विंडोज ७ची की वापरून १० ॲक्टिव्हेट करण्याची पळवाट २०२३च्या सप्टेंबरमध्ये बंद झाली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधारही थांबला. घरगुती ग्राहकांसाठीची वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच आहेत. त्यासाठी २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. म्हणजे ज्यांच्याकडे आधीपासून विंडोज १० आहे त्यांच्या कामाची गोष्ट. तुम्ही आज मुद्दाम १०वर जाण्यात हशील नाही. आणि नेटवर चार-पाचशे रुपयांना मिळणाऱ्या ‘ओरिजिनल की’च्या वाटेला जाऊ नका. त्या बहुतेक कुठल्या तरी कंपनीच्या घाऊक परवान्यातल्या असतात, आज चालतात आणि उद्या ब्लॉक होतात.

मग करायचं काय? मिस्टरांचं निम्मं ऐका आणि भाच्याचं निम्मं. जुनी डिस्क, त्यावरचं विंडोज ७, पेजमेकर, श्रीलिपी, सगळं आहे तसं ठेवा, फक्त त्याचं इंटरनेट कायमचं तोडा. त्याच कॅबिनेटमध्ये एक एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवून तिच्यावर लिनक्स मिंट हा लिनक्सचा सोपा प्रकार टाका, आणि बँक, व्हॉट्सॲप वेब, मेल ही कामं तिथे करा. नेट तोडायचं कारण असं की विंडोज ७चा सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२०ला संपला आणि क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ आहे. त्या आवृत्तीनंतर सापडलेल्या त्रुटींना तिच्यात बूच बसलेलं नाही. असल्या ब्राउझरमधून बँकेत शिरायचं म्हणजे गल्ल्याला कुलूप न लावता जेवायला जाणं.

खरेदी थोडीच आहे. २.५ इंची साटा (डिस्क जोडायची नेहमीची पद्धत) एसएसडी, २४० किंवा २५६ जीबी. एक साटा डेटा केबल, कारण एसएसडीच्या खोक्यात ती बहुधा नसते. एसएसडी कॅबिनेटमध्ये नीट बसवायला ३.५ इंची ब्रॅकेट. एसएमपीएसला (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याला) साटाची पॉवर पिन मोकळी आहे का ते आधी बघा. नसेल तर चार पिनी मोलेक्सवरून साटाचा कन्व्हर्टर लागतो, आणि तो घेताना ज्याच्या काळ्या टोकात तारा प्लॅस्टिकमध्ये ओतून बंद केल्यात तसला घेऊ नका. त्यात तारा एकमेकींना टेकून जळण्याचे प्रकार होतात. ज्यात प्रत्येक तार वेगळी दाबून बसवलेली दिसते तो घ्या. सीआर २०३२चा एक सेल घ्या. बारा वर्षांचा बोर्डावरचा सेल मरायला टेकलेला असतो. तो गेला की तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक साइटला ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडवतो. तुमची बँकेची साइट उघडत नाही त्यात या सेलचाही हात असू शकेल. उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ आजच बघा.

रॅम ४ जीबीने वाढवून ८ केलीत तर चांगलं, नाहीतर ४ जीबीवरही मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चालते, फक्त ब्राउझरमध्ये पाच-सहाच्या वर टॅब उघडू नका. घ्यायची ती डेस्कटॉपची डीडीआर३ १६०० (लॅपटॉपची आखूड असते, बसत नाही). जुन्या मालात फार स्वस्त मिळणाऱ्या काही कांड्यांवर ‘फक्त एएमडीसाठी’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. त्या तुमच्या इंटेल बोर्डावर चालत नाहीत, मशीन नुसती बीप देतं किंवा तेही देत नाही. वाढलेली रॅम मिंटलाच मिळेल. ३२-बिट विंडोज ७ला ४ जीबीच्या आतलीच वापरता येते, त्यामुळे पेजमेकर काही धावायला लागणार नाही.

राहिली बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क. बजेट अपुरं पडलं तर रॅम पुढच्या महिन्यावर ढकला, ही डिस्क ढकलू नका.

आता क्रम. सुरुवातीलाच जुन्या डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टल डिस्क इन्फो हा छोटा मोफत प्रोग्रॅम उघडला की क्रमांकांची यादी दिसते. तिच्यात ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी शोधा. ०५ म्हणजे बदलून टाकलेले खराब सेक्टर, सी५ म्हणजे वाचताना अडखळणारे, सी६ म्हणजे वाचताच न आलेले. तिन्हींच्या उजवीकडच्या आकड्यात नुसती शून्यं असतील तर निवांत पुढे जा. सी५ किंवा सी६मध्ये काही आकडा दिसला तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच मिनिटाला मॅटर कॉपी करायला घ्या, आणि तोवर डिस्कवर काही नवीन लिहू नका.

बॅकअप दोन प्रकारचा हवा. एक साधी कॉपी : डी ड्राइव्ह पूर्ण, डेस्कटॉप, माय डॉक्युमेंट्स, ब्राउझरचे बुकमार्क, कोरलची टेम्प्लेटं, आणि विंडोजच्या फोल्डरमधलं फॉन्ट्स हे फोल्डर अख्खं. हे शेवटचं लोक हमखास विसरतात. श्रीलिपीखेरीज इकडून तिकडून आणलेले पाच-पंचवीस मराठी फॉन्ट तुमच्याकडे असणारच, आणि २०१५ची एखादी पत्रिका नेमकी त्यातल्याच एकात असते. दुसरा प्रकार म्हणजे चालत्या विंडोजचा ठसा. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ उघडा, डावीकडे ‘क्रिएट अ सिस्टिम इमेज’ आहे, बाहेरची डिस्क निवडा. ती एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली लागते. त्याखालीच ‘सिस्टिम रिपेअर डिस्क’ आहे, तीही एका कोऱ्या सीडीवर काढून ठेवा. उद्या जुनी डिस्क दगावली तर दुसरी तेवढीच किंवा मोठी डिस्क लावून या दोन गोष्टींवरून तुमचं विंडोज, पेजमेकर आणि श्रीलिपी जसंच्या तसं परत उभं राहतं. त्यात सीडी-सीरियलची शोधाशोध नाही. बॅकअप झाला की बाहेरच्या डिस्कवरून दोन-तीन जुनी मॅटर उघडून बघा, मगच तो झाला म्हणा.

(टॅलीवाल्या वाचकांसाठी जाता जाता : फॉरमॅटच्या आधी टॅलीचं लायसन्स सरेंडर करा. डेटा फोल्डरचा बॅकअप सगळे घेतात, लायसन्सची आठवण नंतर येते.)

मग मिंट टाकायचा पेनड्राइव्ह. ८ जीबीचा पुरतो, त्यातलं सगळं पुसलं जातं. भाच्याच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट २२ची एक्सएफसीई प्रत उतरवा. तिला २०२९पर्यंत अपडेट आहेत. उतरवलेल्या फायलीचा चेकसम (फाइल पूर्ण उतरली का हे पडताळायचा आकडा) मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी जुळवून बघा. अर्धवट उतरलेल्या प्रतीमुळे इन्स्टॉल नव्वद टक्क्यांवर अडकतं आणि दोष बिचाऱ्या मशीनला जातो. जुळला की रुफसने ती प्रत पेनड्राइव्हवर चढवा. तुमच्याच मशीनवर पेनड्राइव्ह बनवणार असाल तर रुफसची ३.२२ आवृत्ती घ्या, ४पासून पुढच्या विंडोज ७वर उघडत नाहीत.

कॅबिनेट उघडण्याआधी मुख्य वायर काढा आणि पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला करंट निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मग आत हात घाला. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेने भन्नाट फिरलेला पंखा बेअरिंग घालवतो. सेल बदला, रॅम दोन्ही बाजूंच्या खिट्या टक् आवाज करून बसेपर्यंत दाबा, एसएसडीला डेटा आणि पॉवर दोन्ही केबल लावा. आणि आता जुन्या हार्ड डिस्कची डेटा केबल काढून ठेवा. हे अजिबात विसरू नका. इन्स्टॉलरला समोर एकच डिस्क दिसली की ‘डिस्क पुसून मिंट बसवा’ हा पर्याय बिनघोर निवडता येतो. दोन डिस्क जोडलेल्या असताना चुकीची पुसली गेल्याची पत्रं आमच्याकडे येतात, त्यांना उत्तर द्यायचं जिवावर येतं. शिवाय मिंट आपला सुरू होण्याचा भाग जुन्या डिस्कवर लिहून ठेवत नाही, त्यामुळे पुढेमागे एक डिस्क काढली तरी दुसरी आपल्या पायावर उभी राहते.

बायॉसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यात) गेलात तर ‘साटा मोड’ला हात लावू नका. तुमच्या काळातले पुष्कळ बोर्ड ‘आयडीई’ मोडवर ठेवून विंडोज ७ टाकलेलं असे. तो ‘एएचसीआय’ केला की विंडोज ७ निळा पडदा दाखवून परत परत रिस्टार्ट होतं. घाबरण्यासारखं नसतं, मोड पूर्ववत केला की ठीक होतं, पण ते कळेपर्यंत घाम फुटतो. एसएसडी आयडीई मोडमध्येही चालते. तिचा वेग खोक्यावर लिहिलेल्या सेकंदाला ५०० एमबीच्या जवळपास निम्मा दिसेल, कारण एच६१ चिपसेटचे साटा पोर्ट ३ गिगाबिटचेच आहेत. त्याची खंत करू नका. जुनी डिस्क संथ वाटते ती तिचा काटा एका फायलीवरून दुसऱ्या फायलीवर धावण्यात वेळ जातो म्हणून, आणि एसएसडीला काटाच नाही.

सुरू होताना बूट मेनूची कळ दाबा : गिगाबाइटच्या बोर्डावर एफ१२, आसूसवर एफ८, एमएसआयवर एफ११, इंटेलच्या बोर्डावर एफ१०. यादीत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्या आधी ‘यूईएफआय’ लिहिलेलं नाही तो निवडा. मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालू होतं. तिथेच नेट, आवाज आणि मॉनिटरचं रिझोल्यूशन तपासा. सगळं ठीक वाटलं तर डेस्कटॉपवरचं इन्स्टॉलचं चिन्ह दाबा. टाइम झोन कोलकाता, कीबोर्ड इंग्लिश यूएस, मल्टिमीडिया कोडेकला टिक. झालं की मशीन बंद करून जुन्या डिस्कची केबल परत जोडा आणि बायॉसमध्ये एसएसडीला पहिला नंबर द्या. रोज मिंट आपोआप सुरू होईल. विंडोज ७ हवं तेव्हा तीच बूट मेनूची कळ.

पहिल्या दिवशी दोन गोष्टी चक्रावून टाकतील. एक म्हणजे घड्याळ. मिंटमधून विंडोजमध्ये गेलात की वेळ साडेपाच तासांनी मागे दिसेल. विंडोज बोर्डावरच्या घड्याळाला भारतीय वेळ समजतं आणि लिनक्स ग्रीनिचची. इकडे नेट बंद असल्याने विंडोज ती आपोआप सुधारूनही घेणार नाही. भाच्याला सांगा, मिंटच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएलची ‘सेट लोकल आरटीसी १’ ही आज्ञा एकदा द्यायची आहे, त्याला कळेल. दुसरी गोष्ट प्रिंटर. एलबीपी २९००ला लिनक्सवर कॅननचा कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो नव्या लिनक्सवर बसवणं हे डोकेदुखीचं काम आहे. त्यात दिवस घालवू नका. मिंटमध्ये जे छापायचं असेल त्याची पीडीएफ करा आणि विंडोज ७मधून छापा.

कारण मिंटला तुमच्या जुन्या डिस्कचा डी ड्राइव्ह दिसतो, त्यावर लिहिताही येतं. सकाळी व्हॉट्सॲप वेबवर आलेलं मॅटर, फोटो, मेलवरची पीडीएफ सगळं मिंटमधून डी ड्राइव्हवरच्या ‘आवक’ अशा एखाद्या फोल्डरमध्ये टाका, मग रिस्टार्ट करून विंडोज ७मध्ये पेजमेकर उघडा. सी ड्राइव्हला मात्र मिंटमधून हात लावू नका. विंडोज बंद करताना ‘शट डाउन’च करा. हायबरनेट केलंत तर मिंट त्या डिस्कवर लिहू देणार नाही, आणि ते बरंच आहे. गिऱ्हाईक समोर उभं असताना रिस्टार्टचा कंटाळा येणार हे उघड आहे. तेव्हा मोबाइलवर आलेलं मॅटर केबल लावून सरळ विंडोज ७मध्ये उतरवा, त्याला नेट लागत नाही.

विंडोज ७चं नेट तोडायचं ते असं : केबल काढून उपयोग नाही, ती मिंटला हवी आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरवर राइट क्लिक करून ‘डिसेबल’. सोबत कंट्रोल पॅनेलमधून ऑटोप्लेही बंद करा, कारण आता धोका राहिला तो गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हचा. फोल्डरचे शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस डीटीपीवाल्यांना नव्याने सांगायला नको. परका पेनड्राइव्ह आधी मिंटमध्ये उघडा, तिथे विंडोजचे व्हायरस चालत नाहीत. लागेल तेवढीच फाइल ‘आवक’मध्ये घ्या आणि पेनड्राइव्ह परत द्या.

ही व्यवस्था वर्ष-दोन वर्षं आरामात चालेल, पण ती कायमची समजू नका. एक तर बोर्ड आणि एसएमपीएसचं वय झालंय. त्याहून महत्त्वाचं, जुन्या फॉन्टमधलं मॅटर फक्त त्याच फॉन्टमध्ये वाचता येतं. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर युनिकोड मराठीत (मोबाइल-नेटवर सगळीकडे वाचता येते त्या) मजकूर पाठवतं आणि तुम्ही तो बघून परत टाइप करता, कारण पेजमेकरला युनिकोड देवनागरी कळत नाही. ही दुप्पट मेहनत आहे. म्हणून नवी, साधी कामं मिंटवर युनिकोडमध्ये करायला घ्या. एका पानाचं हँडबिल किंवा पत्रिका इंकस्केपमध्ये, अहवाल लिबर ऑफिसमध्ये, छापखान्याला सीएमवायके (छपाईच्या चार रंगांची) पीडीएफ हवी असेल तर स्क्रायबसमध्ये. तिघेही मोफत आहेत आणि जोडाक्षरं नीट जोडतात. फॉन्ट मुक्ता, बलू, तिरो देवनागरी मराठी हे घ्या. तिरोमध्ये ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत, पत्रिकेत तो फरक डोळ्यांना लगेच कळतो. टायपिंगसाठी मिंटच्या कीबोर्ड लेआउटमध्ये भारतीय यादीत मराठीचा इनस्क्रिप्ट आहे. बोटं टाइपरायटरच्या पद्धतीला सरावलेली असतील तर पहिले काही दिवस राग येईल. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, एवढं डोक्यात बसलं की मग हात वळतो.

जुनं मॅटर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलता येतं, पण प्रूफ न वाचता छापायला देऊ नका. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात : ‘विनंती’त आधी पहिली वेलांटी, मग ‘व’. युनिकोडमध्ये आधी ‘व’, मग वेलांटी. रफाराचं उलटं : जुन्या फॉन्टमध्ये तो अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये अक्षराच्या आधी अर्धा ‘र’ म्हणून. कन्व्हर्टर गडबडतो तो इथेच, त्यामुळे ‘आशीर्वाद’, ‘कार्यालय’, ‘कीर्ती’, ‘मुहूर्त’ हे शब्द आधी तपासा. सगळ्यात जास्त मार खातो तो ‘वऱ्हाडी’ मधला अर्धा ‘ऱ’. कन्व्हर्टर त्याचा रफार करून टाकतो, आणि ‘वर्हाडी मंडळी’ अशा पाचशे पत्रिका छापून झाल्यावर मुलीच्या मामांच्या ते लक्षात येतं. आकडेही बघा. काही फॉन्टमध्ये मराठी आकडे इंग्रजीच्याच जागी बसवलेले असतात, त्यामुळे तारीख आणि मोबाइल नंबर अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी होतात. सगळं जुनं मॅटर बदलत बसू नका. जे परत परत लागतं, म्हणजे पत्रिकेचे ठरलेले मजकूर आणि पतसंस्थांच्या अहवालांचे साचे, तेवढंच करा.

पुढे कधी पैसे हाताशी आले तर नवीन कोऱ्या मशीनऐवजी ऑफिसमधून निघालेलं आठव्या पिढीचं मशीन बघा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात अशी मिळतात. ‘आय५ आहे’ एवढ्यावर भाळू नका, पूर्ण क्रमांक विचारा. आय५-८५०० चालेल, आय५-७५०० दिसायला जवळपास तसाच, पण तो सातव्या पिढीचा, विंडोज ११च्या यादीत नाही. बायॉसमध्ये इंटेल पीटीटी चालू केलं की टीपीएमची अट पुरी होते. आणि घेण्याआधी श्रीलिपीच्या लॉकबद्दलचं कंपनीचं उत्तर हातात असू द्या.

त्या लॉकचं एक राहिलं. ते कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीत लावलेलं असेल तर आजच मागच्या पोर्टात घाला. पुढे लावलेल्या लॉकला पाय किंवा झाडू लागून पिन वाकते, आणि दुकानात पुन्हा विकत घेता येत नाही अशी वस्तू तेवढी एकच आहे.